शिवामामांचा अंगठा

“शैले, खुणा कुठं गेल्या?”

मामा ओरडले असते तर मला काही वाटलं नसतं. आमचे शिवामामा दिवसातून दहा वेळा ओरडायचे आणि अकराव्या वेळी स्वतःच चहा मागवायचे. पण आवाज खाली आणून एकेक शब्द सुटा करून ते विचारायला लागले, की समजायचं, काहीतरी मोठं बिघडलंय.

मी कोपरापर्यंत ओली होते. एका हातात काथ्या, दुसऱ्या हातात सोड्याची पुडी. समोर पत्र्याला टेकवून आठ चाकं ओळीनं उभी होती, धुऊन पुसून काळीभोर.

“कसल्या खुणा?” मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच हातातला काथ्या खाली ठेवला.

त्या दिवशी खंडेनवमी होती. आम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरातली माणसं. खंडेनवमीला आमच्याकडं लेथपासून पान्यापर्यंत सगळं धुवायचं, हळदीकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. मी लहानपणापासून हेच करत आले होते. मद्रासच्या बाहेर, लढाईच्या काळातल्या विमानाच्या धावपट्टीवर, देशातल्या सगळ्यात मोठ्या मोटार शर्यतीसाठी आलो असलो म्हणून काय झालं? सकाळी उठले, जॅक धुतला, पाने धुतले, हवेचा पंप धुतला, आणि त्याच सपाट्यात चाकंही धुतली. टायरवरच्या पिवळ्या खडूच्या रेघांसकट.

एक रेघ म्हणजे कडक रबर. दोन रेघा म्हणजे मऊ रबर. आठही टायर एकाच साच्यातून निघालेले, दिसायला जुळी भावंडं. ओळखायची तेवढी एकच खूण होती.

“मामा,” मी म्हणाले, “मी धुतल्या.”

“धुतल्यास?”

“खंडेनवमी न्हवं का आज!”

मामांनी माझ्याकडं बघितलं, चाकांकडं बघितलं, आणि मग हसले. तेव्हा मला इतकं हायसं वाटलं, की ते हसू जरा उशिरा आलं हे माझ्या लक्षातच आलं नाही.

“बरं झालं,” ते म्हणाले. “पूजा हुंदे आधी. मग लावतो अंगठा.”

या अंगठ्याबद्दल सांगायला हवं. रबर किती कडक आहे ते मोजायचं एक घड्याळ मिळतं. तळहातात मावतं, खाली बारीक सुई असते. ती रबरावर दाबली की काटा आकडा दाखवतो. आमच्या करवीर रबर वर्क्समध्ये ते नव्हतं. मी बी.एस्सी. होऊन मामांच्या हाताखाली रुजू झाले त्या पहिल्या आठवड्यातच मागितलं, तर मामा म्हणाले, “का? माझ्या अंगठ्याला काय धाड भरलीय?” आणि खरंच, मामा टायरवर अंगठा दाबायचे, नखानं जरा टोचायचे, आणि सांगायचे ते बरोबर निघायचं. शर्यतीच्या दुनियेत त्यांचा अंगठा ठाऊक नाही असा माणूस नव्हता. मद्रासी मेकॅनिकसुद्धा त्यांना लांबून अंगठा दाखवून नमस्कार करायचे.

आमच्या गाडीचा ड्रायव्हर आदिल मुजावर. कोल्हापूरचाच, शाहूपुरीतल्या गॅरेजवाल्या मुजावरांचा धाकटा. पूजेसाठी झेंडूच्या माळा त्यानंच ओवल्या, त्याही वाकड्यातिकड्या.

“शैलाताई,” तो म्हणाला, “खुणा पुसल्या म्हणून तोंड कशाला पाडायलीस? मामांचा अंगठा हाय की.”

“तुला काही वाटत नाही? बसायचंय तुला त्याच्यावर.”

“मी टायरवर न्हाई बसत, मामांच्या शब्दावर बसतो,” तो म्हणाला आणि माळ माझ्या गळ्यात टाकून पळाला.

विनोद करायला त्याचं काय जात होतं! दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, दोन शर्यती होत्या. सकाळची आठ फेऱ्यांची, तिला मऊ टायर. मऊ रबर रस्त्याला चिकटून राहतं, गाडी वेगात वळते, पण दहा फेऱ्यांच्या पुढं तापून त्याला फोड येतात आणि ते सोलून निघतं. दुपारची मोठी शर्यत तीस फेऱ्यांची, तिला कडक टायर. दुपारच्या चार चाकांत चुकून एक जरी मऊ गेलं, तर पंधराव्या-विसाव्या फेरीला, सरळ पट्टीवर, दोनशेच्या वेगात ते फुटणार. गाडीचं काय होईल ते सांगायला बी.एस्सी. लागत नाही.

आणि ही साधी शर्यत नव्हती. टायर पुरवणाऱ्या कंपन्या दोनच, आम्ही आणि कलकत्त्याची ईस्टर्न क्राउन. त्यांचे चार मजली कारखाने, आमचं उद्यमनगरात पत्र्याचं शेड. तीन वर्षं आम्ही त्यांच्याशी झुंजत होतो. त्या वर्षी संघटनेनं जाहीर केलं की पुढच्या हंगामापासून सगळ्या गाड्यांना एकाच कंपनीचे टायर. आमचे त्यांचे गुण बरोबरीत होते. दसऱ्याच्या दुपारी ज्यांची गाडी पुढं येईल, त्यांचं काम. हरलो असतो तर मामांचं शर्यतीचं खातं बंद, आणि मामांनी तर त्या खात्यासाठी जीव टाकला होता.

दुपारी बाराला पूजा झाली. मामांनी तळहातावरच कापूर पेटवून ओवाळला, आमच्याकडं तशीच रीत. ज्योत अंगठ्याला लागली तरी त्यांनी हात हलवला नाही. शेजारच्या तंबूतले मेकॅनिक हात जोडून बघत राहिले. मलाही भरून आलं. काय श्रद्धा आहे, असं वाटलं.

आरती झाल्यावर मामा चाकांसमोर उकिडवे बसले. बातमी पसरली होती, त्यामुळं पंधरावीस माणसं गोळा झाली.

“आज हत्याराला हात लावायचा नसतो,” मामा मोठ्यानं म्हणाले. “पण अंगठा काय हत्यार न्हवं!”

सगळे हसले. मामांनी एकेका टायरवर अंगठा दाबला. “कडक. कडक. मऊ. कडक. मऊ...” मी एकेक चाक डावीकडं नाहीतर उजवीकडं नेत गेले. दोन मिनिटांत चार इकडं, चार तिकडं. टाळ्या पडल्या. आदिलनं शिट्टी वाजवली. मी खडू घेऊन परत रेघा ओढल्या.

शेवटच्या चाकावर दोन रेघा ओढताना माझा हात थांबला.

त्या चाकाच्या लोखंडी कडेला, हवा भरायच्या तोंडाजवळ, पोचा होता. सकाळी धुताना टायरवरून त्या पोच्यात उतरलेला खडू मी नखानं काढला होता. एकाच रेघेचा खडू होता तो. मला पक्कं आठवत होतं. एक रेघ म्हणजे कडक. आणि मामांनी ते मऊमध्ये टाकलं होतं.

मी तोंड उघडलं, आणि मिटलं. पंधरावीस माणसं उभी होती. त्या सगळ्यांसमोर शिवामामांना ‘तुमचं चुकलं’ असं मी म्हणू? माझंच काहीतरी चुकत असेल, असं म्हणून मी दोन रेघा ओढल्या.

माणसं पांगल्यावर मला राहवेना. मी ते चाक उचलून उलट्या बाजूनं फिरवलं, खूण आत जाईल असं, आणि मामांपुढं नेलं.

“मामा, हे एक राहिलं वाटतं.”

मामांनी अंगठा दाबला. “कडक,” ते म्हणाले.

दहा मिनिटांपूर्वी तेच चाक मऊ होतं.

“मामा, परत एकदा बघता?”

“कशाला? कडक म्हटलं की.”

मी त्यांचा हात धरला. अंगठ्याच्या पेरावर कापराचा फोड चांगला शेंगदाण्याएवढा टरारला होता. मी त्यावर बोट टेकवलं. मामांना कळलंच नाही. ते माझ्या तोंडाकडं बघत होते. मग त्यांनी खाली बघितलं, फोड बघितला, आणि हात ओढून घेतला.

“कधीपासून?” मी विचारलं.

“काय कधीपासून?”

“मामा!”

ते जॅकवर बसले. पूजेतल्या जॅकवर, फुलांसकट. एरवी दुसरं कुणी बसलं असतं तर त्याचं काही खरं नव्हतं.

“साखर,” ते म्हणाले. “दोन वर्षं झाली. आधी मुंग्या यायच्या. आता हाताला, अंगठ्याला काय कळत न्हाई गं. लाकूड झालंय.”

“आणि दोन वर्षं तुम्ही कारखान्यात अंगठा लावून...”

“अंदाज असतोय की. वासावरनं, रंगावरनं. तू रबर कालवतीस, तुझी मापं बरोबर असत्यात. निभतंय.”

मला इतका राग आला की रडू यायला लागलं. “आज काय निभणार होतं? आदिल तुमच्या शब्दावर बसतो म्हणून सांगतोय गावभर! माझ्या हातानं मी रेघा ओढल्या!”

मामा म्हणाले, “कुणाला सांगू नकोस. सांगितलंस तर आपल्या टायरवर परत कोण बसंल?”

“मग काय करू मी?”

“चाकं बघ तूच.”

मी आठही चाकांना अंगठा लावला. नखं लावली. वास घेतला. मला सगळी सारखीच लागत होती. मऊ चोपन्न आणि कडक अठ्ठावन्न, एवढाच आकड्यांचा फरक होता, तोही कागदावर.

घड्याळ त्या मैदानावर एकाच माणसाकडं होतं. ईस्टर्न क्राउनच्या वामन बिडकरांकडं.

बिडकरकाका आणि मामा एकाच गुरूचे चेले. लक्ष्मीपुरीत इस्माईलचाचांच्या दुकानात दोघांनी टायर चढवायला शिकून एका ताटात जेवून आठ वर्षं काढली. मग बिडकरांना कलकत्त्याहून बोलावणं आलं आणि ते गेले. मामांनी ते मनाला लावून घेतलं. अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते; म्हणजे बोलायचे, पण माझ्यामार्फत. दोघं हातभर अंतरावर उभे असायचे आणि मामा मला म्हणायचे, “त्याला सांग, त्याचा ट्रक आमच्या सावलीत आलाय.” बिडकर म्हणायचे, “शैलाबाई, त्यांना सांगा, सावली देवाची आहे.” मी सांगायचे नाही. दोघांनाही ऐकू आलेलं असायचं.

मी ओढणीला हात पुसत त्यांच्या तंबूत गेले. बिडकरकाका घडीच्या खुर्चीत पेपर वाचत होते. पुढ्यात पाटावर त्यांचीही पूजा मांडलेली, आणि मधोमध ते घड्याळ, काचेवर कुंकवाचं बोट.

“या शैलाबाई. काय निरोप आहे? ट्रक हलवू?”

“काका, ते घड्याळ द्या.”

त्यांनी चष्मा वर केला. “खंडेनवमीला पूजेतलं हत्यार उचलायला सांगतेस? कोल्हापूरची ना तू?”

“द्या काका.”

“कुणाला हवंय? शिवाला?”

“मला.”

ते माझ्याकडं बघत राहिले. माझे डोळे लाल होते, ते लपवायला मला जमत नाही, अजूनही जमत नाही. त्यांनी पेपरची घडी घातली.

“आठ टायरांचे आकडे मला कळतील, शैला. तुमचा सगळा मसाला मला कळेल. उद्या तुम्ही कशावर पळणार, किती फेऱ्या टिकणार, सगळं. हे कळतंय ना तुला?”

“कळतंय.”

“तरी मागतेस?”

“आदिल बसणार आहे त्याच्यावर.”

त्यांनी पुढं एक शब्द विचारला नाही. उठले, घड्याळाला हात जोडले, आणि कपाळाला लावून उचललं. “देवीला काय ते मी सांगतो,” म्हणाले. “चल.”

मला वाटलं होतं, ते घड्याळ हातात देतील. ते स्वतःच निघाले. मी त्यांच्यामागं पळत होते आणि मनात म्हणत होते, आता मामा मला जिवंत सोडत नाहीत.

मामा अजून जॅकवरच होते. बिडकर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. मी मध्ये जाऊन उभी राहिले, सवयीनं.

“बाजूला हो,” बिडकर मला म्हणाले. आणि मग, “शिवा, हात दे.”

मामांनी मान वर केली नाही. “शैले, त्याला सांग...”

“तिला काही सांगू नकोस. मला सांग. हात दे म्हणतो ना!”

मामांनी हात पुढं केला, मास्तरांपुढं करावा तसा. बिडकरांनी अंगठा दाबला, नख रोवलं, फोडाच्या बाजूनं चांगलं जोरात रोवलं. मामांचा चेहरा हलला नाही.

“किती दिवस?”

“दोन वर्षं.”

“गाढवा,” बिडकर म्हणाले. “दोन वर्षं! मला एक पत्र टाकता आलं नाही तुला?”

“तुला? तू कोण?”

“मी कोण!” बिडकरांचा आवाज फुटला. “इस्माईलचाचांच्या भट्टीत माझा हात भाजला तेव्हा महिनाभर मला भरवलंस, तेव्हा विचारलंस का, मी कोण?”

बिडकरांनी घड्याळ माझ्या हातात दिलं. “तू मोज. आकडा मोठ्यानं म्हणू नकोस. मी इकडं पाठ करून बसतो.” आणि खरंच, ते चाकांकडं पाठ करून मामांच्या पायाशी मातीत बसले, खिशातून मलमाची ट्यूब काढली, आणि फोडाला मलम लावायला लागले. दोघंही एकमेकांकडं बघत नव्हते.

मी आठ टायर मोजले. प्रत्येकावर तीन ठिकाणी. अंगठा आठातल्या दोन चाकांना चुकला होता. पोच्यावालं कडक होतं, मऊमध्ये गेलेलं. आणि त्याच्या बदल्यात एक मऊ चाक कडकांमध्ये उभं होतं, माझ्या हातची एक रेघ अंगावर घेऊन. दुपारच्या शर्यतीला ते आदिलच्या गाडीला लागलं असतं.

मी रेघा पुसून नव्या ओढल्या. या खेपेला प्रत्येक रेघ दोनदा गिरवली.

“झालं?” बिडकरांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

“झालं काका.”

“किती चुकले?”

मी मामांकडं बघितलं. मामाच म्हणाले, “सांग.”

“दोन.”

बिडकर उठले, पँटची माती झटकली, घड्याळ खिशात घातलं आणि निघाले. चार पावलं गेल्यावर वळून म्हणाले, “उद्या हरवतो तुला, शिवा.”

“ये की,” मामा म्हणाले.

दसऱ्याच्या सकाळी मामांनी आदिलला बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. मी नको नको म्हणत होते. आदिल ऐकत होता, हेल्मेटचा पट्टा पिळत होता.

“आता बरोबर हायत न्हवं?” त्यानं विचारलं.

“बरोबर हायत. घड्याळानं बघितल्यात.”

“मग झालं. मी बसतो.” तो वाकला आणि मामांच्या पाया पडला, आणि मामांनी त्याला घट्ट धरलं ते सोडेचनात. शेवटी मीच म्हणाले, “अहो, शर्यत आहे.”

सकाळच्या छोट्या शर्यतीत आम्ही तिसरे आलो, क्राउन पहिले. तिचे गुण धरायचे नव्हते, पण दुपारी जिंकण्यावाचून इलाज नव्हता. शर्यतीआधी क्राउनचा मोठा साहेब बिडकरांना इंग्रजीत विचारताना मी ऐकलं, कोल्हापूरवाले कसल्या रबरावर पळतायत, काही अंदाज? सकाळी सगळं मैदान सांगत होतं की बिडकर काल आमच्या तंबूत आले होते. बिडकर म्हणाले, “मला काय माहीत? माझं त्यांच्याशी बोलणं नाही.” आणि माझ्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं.

तीस फेऱ्या. ऊन असं की डांबर मऊ झालेलं. क्राउनची लाल गाडी पुढं, आदिल तिच्या मागं, वीस फेऱ्या तसंच. सगळं मैदान गाड्यांकडं बघत होतं. मामा फक्त आमच्या डाव्या मागच्या चाकाकडं बघत होते, कारण त्या पट्टीवर सगळा भार त्याच चाकावर यायचा. प्रत्येक फेरीला ते पुटपुटायचे, “हाय. हाय अजून.” सव्विसाव्या फेरीला लाल गाडी वळणावर जरा बाहेर गेली आणि आदिल आतून निसटला. मी किंचाळले. मामा म्हणाले, “हाय अजून.” पुढच्या चार फेऱ्या माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात लांब फेऱ्या. आदिल गाडीच्या अर्ध्या लांबीनं जिंकला.

आम्ही नाचलो. अहो, नाचलो म्हणजे काय, मद्रासी मेकॅनिकांनी आदिलला खांद्यावर घेतलं, मी कुणाच्या तरी ढोलावर दोन हात मारले. मामा मात्र गाडीपाशी गेले, वाकले, आणि तापलेल्या डाव्या मागच्या टायरला अख्खा तळहात लावून उभे राहिले. मी धावत जाऊन हात ओढला. “भाजेल मामा!” तेव्हा ते म्हणाले, “बघ, भाजतंय ते पण तुलाच सांगावं लागतंय.”

संध्याकाळी पाचला शामियान्यात बैठक बसली. संघटनेचे अध्यक्ष एक निवृत्त कर्नल होते. त्यांनी कागद वाचला: पुढच्या हंगामापासून सगळ्या गाड्यांना टायर करवीर रबर वर्क्स, कोल्हापूर यांचे. टाळ्या झाल्या. आदिलनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी पुढच्या खुर्चीवर गेले.

मामा उठले. मला वाटलं, आभार मानणार. त्यांचं हिंदी मला पाठ होतं, मी आधीच हसू दाबत होते.

“साब,” मामा म्हणाले, “हमारेकू नको.”

कर्नलना वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. मामांनी परत सांगितलं. “हमारेकू नको साब. वो बिडकर को देव. उसका काम पक्का हय.”

शामियान्यात कालवा झाला. मी उठून उभी राहिले. मामा शांतपणे बाहेर निघून गेले.

मी मागं धावले. माझ्या मागं बिडकर, माझ्यापेक्षाही चिडलेले.

“शिवा! भीक घालतोस का मला?”

“न्हाई.”

“हरलोय मी. सरळ हरलोय. तुझी जीत माझ्या पदरात टाकतोस? मला लाज नाही?”

“मामा, तीन वर्षं!” मी म्हणाले. “तीन वर्षं मी त्या शेडमध्ये राबले. रबराची काळी पूड खाल्ली, काळं थुंकले. मला विचारायचं होतंत एकदा!”

“इचारलं असतं तर तू न्हाई म्हणाली असतीस.”

“अर्थात! घड्याळ घेऊ आपण. दहा घेऊ. प्रत्येक टायर मी मोजीन. तुम्ही अंगठ्याला तेल लावून बसा घरी!”

मामांनी मला एका पिंपावर बसवलं. स्वतः उभे राहिले.

“शैले, काल तुला कळलं होतं न्हवं, पोच्यावालं चाक कडक हाय म्हणून?”

“होतं.”

“मी मऊ म्हटलं. तू काय केलंस?”

मी ओढणीचं टोक पिळायला लागले.

“दोन रेघा ओढल्यास. मी बघितलं, तुझा हात थांबला. तोंड उघडलंस आन् मिटलंस. का मिटलंस?”

“माणसं होती, मामा. तुमचा...”

“माझी लाज राखलीस. माझ्यावर माया म्हणून. कारखान्यात बारा जण हायत, बाराच्या बारा माझी लाज राखणारे. दोन वर्षांत कुणाचं काय झालं न्हाई, ते माझं नशीब, कारागिरी न्हवे. टायरच्या धंद्यात मालकाची लाज राखायची सवय लागली की एक दिवस कुणाचा तरी पोरगा मरतोय बघ.” ते बिडकरांकडं वळले. “काल यानं मला गाढव म्हटलं. तुझ्यासमोर. तसं म्हणणारं माझ्याकडं कुणी न्हाई. तू पण न्हाईस.”

“मी म्हणेन,” मी रडत म्हणाले. “उद्यापासून रोज म्हणेन.”

“मला न्हाई जमायचं तुला गाढव म्हणायला. तू माझ्या बहिणीची पोरगी. यालाच जमंल.” आणि मग बिडकरांना म्हणाले, “भीक घालत न्हाई, वामन. पोरगी देतोय. रबर कालवण्यात तुझ्या सगळ्या साहेबांना गुंडाळून ठेवंल. तिला तोंडावर सांगायची सवय लाव. मला न्हाई लावता आली.”

बिडकर खाकरले. “पगार जास्त मागेल ती.”

“मागूदे की.”

“मला कुणी विचारणार आहे का?” मी ओरडले.

दोघं एकदम “न्हाई” म्हणाले, आणि मग दोघांनाही हसू आवरेना. मी दोघांवरही इतकी चिडले होते की कोल्हापूरपर्यंत मामांशी एक शब्द बोलले नाही. मिरजेला त्यांनी माझ्यासाठी दोन कप चहा घेतला. मी प्यायले, पण खिडकीकडं तोंड करून.

संघटनेनं काम क्राउनला दिलं, आणि दिवाळीनंतर मी कलकत्त्याला गेले. बावीस वर्षं तिथं काढली, शेवटची नऊ मुख्य म्हणून. पहिल्याच महिन्यात बिडकरांना सगळ्यांसमोर ‘काका, तुमचा आकडा चुकतोय’ म्हणाले, तेव्हा ते इतके खूश झाले की कँटीनमध्ये सगळ्यांना रसगुल्ले वाटले. मामांनी शर्यतीचं खातं बंद केलं आणि ट्रकचे टायर चढवत राहिले, पण तेही घड्याळानं मोजून, आणि मोजायला दुसरा माणूस ठेवून. मी त्यांना मनातून माफ केलं, पण केव्हा केलं ते आता आठवत नाही.

शर्यतीच्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन मात्र कधी चुकला नाही. मी कुठंही असले तरी शोधून काढायचे. त्यांची नजर गेली, पाय गेला, तरी शेजारच्या पोराकडून नंबर फिरवून घ्यायचे. कोण जिंकलं ते त्यांनी एकदाही विचारलं नाही.

“शैले, सगळी पोरं नीट घरी गेली न्हवं?”

“गेली मामा.”

“बरं. ठेव मग.”